प्रकल्प नोंदी: शाळेच्या आवारातली कण्हेर आणि बिट्टी

माध्यमिक शाळा, करवीर तालुका, जिल्हा कोल्हापूर. हरित सेना, इयत्ता आठवी, मुलं-मुली मिळून २२. नोंदी माझ्या, म्हणजे विज्ञानाच्या बाईंच्या.

१६ जून २०२५, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. मधली सुट्टी संपवून पाचवीच्या वर्गात गेले, तर मागच्या बाकावर एकाच्या खिशात काहीतरी खुळखुळत होतं. खिसा रिकामा करायला लावला. बाकावर नऊ बिट्ट्या. काळं साल निघून गेलेलं, आतली कठीण तपकिरी आठोळी, मधोमध शिवण असावी तशी रेघ. आम्हीही लहानपणी ह्याच बिट्ट्यांनी खेळलोय, त्यामुळे आधी हसूच आलं. मग दिसलं की नवातली एक फुटलेली आहे. आतला पांढरट चपटा गर अर्धाच शिल्लक होता.

"ही कशानं फोडलीस?"

"दगडानं, बाई."

"खाल्लीस काय?"

"न्हाई बाई. लई कडू हाय."

बिट्टीचा गर विषारी. कडू आहे हे याला कसं कळलं, हा प्रश्न डोक्यात आला आणि मी वर्ग तसाच सोडला. मुख्याध्यापक सरांच्या गाडीतून मुलाला दवाखान्यात नेलं. त्याची आई शेतातून तशीच आली, पायाला चिखल. डॉक्टरांनी नाडी बघितली, ईसीजी काढला आणि रात्रभर ठेवून घेतलं. "आत्ता बरा दिसतोय म्हणून घरी सोडता येत नाही. ह्याचा परिणाम उशिरानंही होतो," म्हणाले.

१७ जून, मंगळवार

मुलगा सुखरूप घरी. दोन उलट्या झाल्या, बाकी काही नाही. बहुतेक जिभेला लावून थुंकला असावा.

यंदा हरित सेनेचा विषय 'पावसाचं पाणी' ठरला होता. तो पुढच्या वर्षी, यंदा आवारातली विषारी झाडं. सरांना विचारलं, त्यांनी लगेच होकार दिला.

२१ जून, शनिवार

सकाळची शाळा. आठवीची मुलं घेऊन मोजणी केली. ड्रॉइंगच्या कागदावर आवाराचा नकाशा काढला, कण्हेरीसाठी गुलाबी टिकली आणि बिट्टीसाठी पिवळी.

कण्हेर ५८ झुडपं. त्यातली ३१ फाटकापासून व्हरांड्यापर्यंतच्या वाटेच्या दोन्ही कडांना, १९ मागच्या रस्त्याकडच्या कंपाउंडला बाहेरच्या अंगानं, आणि ८ पोषण आहाराच्या शेडला लागून. बिट्टीची झाडं ७, सगळी मैदानाच्या कडेला. म्हणजे जिथं मुलं सर्वांत जास्त वेळ असतात, तिथंच.

ओळखायला शिकवलं ते इथं लिहून ठेवते, कारण मुलांना दोन्ही झाडं एकच वाटत होती. कण्हेरीची पानं फांदीला एकाच ठिकाणी तीन-तीन फुटतात, जाड, चिवट, मधली शीर पांढरट आणि ठळक. फुलं गुलाबी, पांढरी किंवा लाल, शेंगा लांब. बिट्टीची पानं त्याहून अरुंद आणि चकचकीत, एकाआड एक. फूल पिवळं, घंटेसारखं. फळ हिरवं, कोपरे असलेलं, पिकलं की काळं पडतं. पान तोडलं की पांढराशुभ्र चीक येतो. दोन्ही एकाच कुळातली, पण वेगळी झाडं. शास्त्रीय नावं नेरियम ओलिअँडर आणि कॅस्काबेला थेवेशिया. दुसऱ्या नावातला थेवे हा सोळाव्या शतकातला एक फ्रेंच धर्मगुरू आणि प्रवासी. बिट्टी मुळात अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, आपल्याकडे बागेसाठी आली आणि इथलीच होऊन बसली.

मोजताना आणखी दोन गोष्टी सापडल्या. कुंपणाला मोगली एरंडाची, म्हणजे चंद्रज्योतीची, तीन झाडं. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि दवाखान्यात जातात. अशी बातमी दर दोन-चार महिन्यांनी पेपरात असते. तिन्ही झाडं मामांनी, म्हणजे शाळेच्या शिपायांनी, त्याच दिवशी उपटली. आणि ऑफिसातल्या कुंडीत डिफेनबाखिया. त्याचं पान चावलं तर तोंड आणि जीभ सुजते. कुंडी उचलून कपाटावर ठेवली.

२५ जून, बुधवार

आज वर्गात 'करवीर' ह्या शब्दावर बोललो. आपला तालुका करवीर, कोल्हापूरचं जुनं नाव करवीर, आणि संस्कृतात करवीर म्हणजे कण्हेर. मुलांना हे माहीत नव्हतं. गावाच्या नावाची कथा वेगळी सांगतात, त्यात मी शिरले नाही. मला त्यांना दुसरं नाव सांगायचं होतं. आयुर्वेदात ह्याच झाडाला अश्वमार किंवा हयमार म्हणतात, घोड्याला मारणारा. उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, त्याची गणना आहे आणि शोधन, म्हणजे शुद्धी, केल्याशिवाय वापरायचं नाही असं सांगितलेलं आहे. म्हणजे आपल्या लोकांना हे शेकडो वर्षं ठाऊक आहे, आणि तरी शाळेच्या वाटेला ३१ झुडपं.

ती लावली कुणी, हे विचारायला मामांना वर्गात बोलावलं. त्यांनीच लावली होती, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या वृक्षारोपणात. "रोपं फुकट आली हुती बाई. पाणी लागत न्हाई, बारा म्हैने फूल, आन् शेळी तोंड लावत न्हाई. आदी जास्वंदी लावल्या, चार दिवसांत शेळ्यांनी बुडख्यापतुर खाल्ल्या."

मामांचं एक वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं: शेळी तोंड लावत नाही. एका मुलीनं हात वर केला. "बाई, म्हणजे शेळीला कळतंय, मग आपण ते चांगलं म्हणून लावतोय." पुणे-बंगळूर रस्त्याच्या दुभाजकात कण्हेर का आहे, तेही तिनंच सांगितलं. धूर सोसते, पाणी मागत नाही, जनावर खात नाही, समोरच्या गाडीचा उजेड अडवते. सगळं खरं. दुभाजकात कण्हेर असण्याला माझा काही विरोध नाही. तिथं कुणी डबा खात नाही.

२८ जून, शनिवार

दवाखान्यातले डॉक्टर तासभर येऊन गेले. मी टिपून घेतलं.

हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप असतो. सोडियम बाहेर टाकायचं आणि पोटॅशियम आत ओढायचं, हे त्याचं काम, जन्मभर. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन आणि बिट्टीतलं थेवेटिन नेमकं ह्या पंपाला अडकवतं. मग पेशीत सोडियम साठतं, पाठोपाठ कॅल्शियम वाढतं, रक्तात पोटॅशियम चढतं. आधी उलट्या, पोटात कळा, जुलाब, चक्कर. नंतर नाडी मंद होते, ठोके चुकतात, कधी वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचतच नाही. डॉक्टरांनी टेबलावर बोटांनी ठोके वाजवून दाखवले, नीट, मग मध्येच एक गाळून. वर्ग एकदम चिडीचूप झाला.

घरात आजोबांना हृदयाची डिजॉक्सिनची गोळी असेल तर तीही ह्याच जातीचं द्रव्य. फरक मात्रेचा आणि देखरेखीचा. वाळवल्यानं, उकळल्यानं विष जात नाही. फुलदाणीत कण्हेर ठेवली तर ते पाणीही विषारी.

उपचार बहुतेक श्रीलंकेत शिकले गेले, हे मला नवीन होतं. तिथं बिट्टी घरोघरी कुंपणाला असते आणि विषबाधेचे हजारो रुग्ण तिथल्या डॉक्टरांनी हाताळले आहेत. विषाला चिकटून ते निकामी करणारी प्रतिपिंडं मेंढ्यांच्या रक्तातून बनवतात. ती बिट्टीवरही लागू पडतात, हे तिथल्या २००० सालच्या चाचणीत दिसलं. पण औषध फार महाग आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. पोटातलं विष शोषायला दवाखान्यात खास कोळशाची पूड देतात. तिच्या पुन्हापुन्हा दिलेल्या मात्रांचा फायदा २००३ च्या चाचणीत दिसला आणि २००८ च्या त्याहून मोठ्या चाचणीत दिसला नाही. बाकी मंद नाडी वाढवायला अॅट्रोपिन, आणि गरज पडली तर तात्पुरता पेसमेकर. मोठं इस्पितळ लागतं. म्हणून वेळ घालवायचा नाही, एवढंच आपल्या हातात.

मीठ-पाणी पाजून उलटी करवायची नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, फलक लावाल त्यावर किती खाल्लं की काय होतं, असलं काही लिहू नका. उगाच चघळणारं पोर वेगळं आणि मनानं खचलेलं पोर वेगळं. फलक दोघंही वाचणार." मी आकडे काढून तयार ठेवले होते. तो कागद फाडला.

३ जुलै, गुरुवार

शिक्षक, शाळा समिती आणि काही पालक. दीड तास.

माझं म्हणणं होतं बिट्टीची सातही झाडं काढावीत आणि कण्हेरीची वाटेवरची ३१ व शेडजवळची ८ काढावीत. बाहेरच्या रस्त्याकडची १९ राहू देत.

विरोध झाला आणि तो सगळा चुकीचा नव्हता. एक पालक म्हणाले, आमच्या आज्यापासून दारात कण्हेर आहे, देवाला रोज फूल जातं, कुणी मेलं नाही. समितीच्या एका सदस्यांना हिरवी वाट उजाड होईल याचं दुःख होतं. एक बाई म्हणाल्या, पोरांना शिकवा ना, झाडं कशाला तोडता. हे शेवटचं मला अजून टोचतंय. आठवीच्या मुलांना शिकवता येतं. पाचवीत नव्यानं आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला, शाळेच्या पहिल्याच दिवशी, मैदानात पडलेली बिट्टी खेळणं वाटणारच. ती खेळणंच आहे. माझ्याही परकरात असायची.

शेवटी मामा उभे राहिले. "मी लावल्यात, मीच काढतो. पर त्या जागी काय लावणार त्ये आदी सांगा." ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायचं असं ठरवून प्रस्ताव मंजूर. तोडणी टप्प्याटप्प्यानं: आधी फांद्या छाटायच्या, मग बुडखे खणायचे.

५ जुलै, शनिवार

पोषण आहाराच्या शेडमध्ये गेले होते, मावशींशी बोलायला. गॅस संपला तर चूल पेटवायला कोपऱ्यात सरपण रचलेलं असतं. त्या ढिगात बोटाएवढ्या जाडीच्या सरळ, गुळगुळीत, करड्या काटक्या. कण्हेर. शेडच्या भिंतीलाच झुडपं, वाळलेली फांदी हाताला येते, ती मोडायची आणि ढिगात टाकायची, इतकं ते साधं होतं. एका काटकीचं साल तासलेलं. मावशी म्हणाल्या, उलथनं सापडलं नाही तेव्हा त्यानं भात खालीवर केला होता, गेल्या वर्षी कधीतरी.

दोघींनी मिळून सगळा ढीग उपसला. १७ काटक्या निघाल्या. मावशींचे हात थरथरत होते. त्यांची काही चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

१२ जुलै, शनिवार

छाटणी. मामा, दोन माजी विद्यार्थी आणि मी. मुलांना हात लावू दिला नाही. हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मे. शेडजवळची आठ आणि वाटेवरची बारा झुडपं दोन फुटांवर आणली. कोयता लागला की कण्हेरीच्या चिकाचा एक हिरवट उग्र वास येतो, तो दिवसभर नाकात राहिला.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे मैदानाकडेला गवत गुडघ्याएवढं झालंय. तेही आजच कापून घेतलं. संध्याकाळी पाऊस धरला म्हणून सगळं फाटकाजवळ ओढून ठेवलं. फांद्यांचा ढीग, शेजारी गवताचा.

१३ जुलै, रविवार

सकाळी नऊला शाळेमागच्या काकूंच्या धाकट्याचा फोन. "बाई, आई म्हणतीया लगेच या. रेडकू कसंतरी करतंय."

चार महिन्यांचं रेडकू. गोठ्यात आडवं पडलेलं, मान टाकलेली. शेण पातळ, मागचे पाय भरलेले. कान हातात घेतले तर गार. १९६२ ह्या जनावरांच्या मदत क्रमांकाला फोन केला, जनावरांचे डॉक्टर पाऊण तासात आले. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग मला म्हणाले, "ऐका." मी ऐकलं. दोन ठोके, मग काहीच नाही, मग घाईघाईनं तीन. पंधरा दिवसांपूर्वी टेबलावर बोटांनी वाजवलेलं, तेच.

"काय खाल्लंय?"

काकूंनी गव्हाणीकडे हात केला. मी खाली बसून गवत हातानं विसकटलं. रात्रीतून सगळं मलूल होऊन एकाच रंगाचं झालेलं. गवताची पात कोणती आणि कण्हेरीचं पान कोणतं हे उभ्यानं कळणं शक्यच नव्हतं. एकेक उचलून उजेडात धरलं तेव्हा मधली पांढरी शीर दिसली. एक, मग दुसरं, मग एक अख्खी कोवळी डहाळी, पानं तीन-तीन.

डॉक्टर म्हणाले, ताजं कडू लागतं म्हणून जनावर टाळतं. सुकायला लागलं आणि चाऱ्यात मिसळलं की टाळत नाही, आणि लहान जनावराला तर तेवढीही समज नसते. विष तसंच्या तसं असतं.

त्यांनी करता येण्यासारखं सगळं केलं. दुपारी चारच्या सुमाराला रेडकू गेलं.

काल संध्याकाळी काकू फाटकात आल्या होत्या. दर वर्षी शाळेचं गवत त्याच नेतात. "भारा न्हेऊ का बाई?" असं त्यांनी मला विचारलं होतं आणि मी, हात धूत, मागे वळूनही न बघता म्हटलं होतं, "न्या की." दोन ढिगांच्या मध्ये हातभरही अंतर नव्हतं. वाऱ्यानं आणि ओढाओढीत डहाळ्या गवतात गेल्या होत्या.

१४ जुलै, सोमवार

काल जे झालं ते परिपाठात सगळ्या शाळेसमोर सांगितलं. झुडपं मी छाटायला लावली, ढीग मी ठेवायला सांगितले, भारा न्या असं मी म्हटलं. मुलांपासून लपवून हा प्रकल्प पुढे नेता येणार नव्हता. एकही मूल बोललं नाही.

संध्याकाळी काकूंकडे गेले. म्हैस सकाळपासून पान्हा सोडत नव्हती. रेडकू समोर नसेल तर ती दूध चोरते, हे मी ऐकून होते, बघितलं नव्हतं. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या, ती मान वळवून दावणीच्या रिकाम्या खुंट्याकडे बघत होती. डॉक्टरांनी तिचं दूधही दोन दिवस डेअरीला घालू नका म्हणून सांगितलंय. तिच्यापुढं मक्याची वैरण होती म्हणून ती वाचली, पण खबरदारी. काकू मला एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. चहा ठेवला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिक्षकांनी मिळून पैसे जमवले, मी माझे जास्त घातले. काकांनी आधी नको म्हटलं, मग घेतले. बुडालेलं दूध त्यातून भरून येईल, रेडकू नाही.

१९ जुलै, शनिवार

काम आठवडाभर बंद ठेवलं होतं. आज पुन्हा सुरू, पण आधी पद्धत ठरवून.

गवत आणि छाटणी एका दिवशी कधीही नाही. छाटलेलं लगेच पोत्यात, पोत्याचं तोंड शिवायचं, मगच दुसरं झुडूप. उकिरड्यावर नाही, ओढ्याकडेला नाही, शेणखतात नाही. जाळायचंही नाही, धूर डोळ्यांना आणि छातीला त्रास देतो. मैदानाच्या पलीकडे मामांनी चार फूट खोल खड्डा घेतलाय, वर माती आणि बाभळीचे काटे. आतापर्यंत २३ पोती.

खड्ड्याची जागा ठरवायला काकू स्वतः आल्या होत्या. पाणी कुठं मुरतं आणि विहीर कोणत्या अंगाला आहे, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत. मी निवडलेली जागा त्यांनी मोडीत काढली, आणि बरोबर काढली.

२६ जुलै, शनिवार

बिट्टीची सातही झाडं पडली. मुळं फार खोल नाहीत, पहारीनं निघाली. खाली पडलेल्या बिट्ट्या वेचायला दोन दिवस गेले. दोन बादल्या भरल्या, जवळजवळ सगळ्या पानाखाली, मातीत अर्ध्या रुतलेल्या.

मामांच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं, आणि ते त्यांच्याच बायकोनं दिलं: अडुळसा. शेळी खात नाही, पाणी फार मागत नाही, फांदी रोवली की जगते, खोकल्याला घरोघरी लागतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना अडुळशाचे आणि निर्गुडीचे फाटे लावले, दीड-दीड फुटावर. फुलांसाठी कोरांटी, पिवळी आणि जांभळी. पिवळीला काटे आहेत, तेवढंच शेळ्यांना पुरे. तगर लावू असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मी नको म्हटलं. तीही चिकाची, त्याच कुळातली. कण्हेरीएवढी घातक नाही, पण आत्ता माझी छाती होत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

बाहेरच्या कंपाउंडजवळच्या कण्हेरीवर आठवीच्या मुलींना काहीतरी चमकताना दिसलं. पानाच्या खालच्या बाजूला लटकलेला कोष, करंगळीच्या पेरापेक्षा लहान आणि आरशासारखा. त्यात मुलीला स्वतःचा चेहरा दिसत होता, उलटा आणि ताणलेला. कॉमन क्रो फुलपाखराचा. आणखी शोधल्यावर पाच अळ्या सापडल्या, आडव्या पट्ट्यांच्या, काळ्या लांब शिंगांच्या, निवांत कण्हेर खात बसलेल्या.

"ह्यांचं हृदय बंद पडत न्हाई?" हा प्रश्न आलाच. ह्या अळ्यांना ते विष बाधत नाही, आणि अशी फुलपाखरं पक्ष्यांना नकोशी असतात, म्हणूनच ती एवढ्या संथपणे उडतात. घाई करायचं त्यांना कारण नसतं.

ती १९ झुडपं ठेवायचा माझा निर्णय आधी फक्त व्यवहाराचा होता, काढायला माणसं नव्हती. आता मला ती मनापासून हवी आहेत.

२३ ऑगस्ट, शनिवार

बुधवारी गणपती. मुलं फुलं गोळा करणार, म्हणून आज सगळ्या वर्गांत जाऊन बोलले. कण्हेर देवाला वाहू नका असं मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण फूल नैवेद्याच्या ताटात पडायला नको, तीर्थाच्या भांड्यात नको, आणि फुलं तोडलेल्या हातानं मोदक नको. केरळात २०२४ च्या मे महिन्यात देवळांचा कारभार बघणाऱ्या त्रावणकोर आणि मलबार देवस्वम बोर्डांनी नैवेद्यात आणि प्रसादात कण्हेरीची, त्यांच्या भाषेत अरळीची, फुलं वापरणं थांबवलं. एका तरुणीच्या मृत्यूमागे ही पानं असल्याचा संशय आल्यावर हा निर्णय झाला. पूजेत फूल ठेवलं आणि पोटात जाणाऱ्या गोष्टींपासून लांब केलं, हे मला पटतं.

तीन जुलैच्या बैठकीतले ते पालक संध्याकाळी भेटले. दारातली कण्हेर तशीच आहे, पण नातवासाठी खालच्या फांद्या काढल्या म्हणाले. पोत्यात घालून पुरल्या का, हे मी विचारलं. पुरल्या होत्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

फलक लागले. मजकूर मुलांचा, मी फक्त दोन शब्द बदलले:

"मी कण्हेर. माझं पान, फूल, फांदी, चीक, काहीच तोंडात घालू नका. हात लागला तर साबणानं धुवा. मला छाटलं तर जनावरांपासून लांब ठेवा. कुणी चावलं असेल तर लगेच बाईंना किंवा सरांना सांगा, ओरडा बसणार नाही. १०८."

'ओरडा बसणार नाही' हे शब्द त्या पाचवीतल्या मुलाचे. त्या दिवशी तो आधी खोटं का बोलला, हे मुलांनी त्याला विचारलं होतं.

ऑफिसच्या भिंतीवर दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा क्रमांकही लिहिला, १८०० ११६ ११७.

२७ सप्टेंबर, शनिवार

मैदानाच्या कडेला बिट्टीची ४१ रोपटी उगवली. वेचूनही राहिलेल्या बिया. बोटभर उंच, हातमोजे घालून उपटली. कण्हेरीचे चार बुडखे पुन्हा फुटलेत, ते मामा खणून काढतील. अडुळशाचे फाटे जवळजवळ सगळे धरलेत. निर्गुडी निम्मी गेली, पाणी साचलं तिथं कुजली.

दर पंधरा दिवसांनी मैदानाची कडा बघायची पाळी लावली आहे. पुढची दोन वर्षं तरी लागेल.

११ ऑक्टोबर, शनिवार

गवताची दुसरी कापणी. ह्या महिन्यात कण्हेरीला कुणी कोयता लावलेला नाही, गवत मैदानाच्या दुसऱ्या टोकाचं, मी आणि मामांनी दोनदा बघितलेलं. काकूंना निरोप धाडला. येतील असं वाटत नव्हतं, पण आल्या.

भारा बांधायच्या आधी त्यांनी पदर खोचला, फाटकाच्या सावलीत बसल्या आणि सगळं गवत पसरलं. मूठ-मूठ उचलायची, उजेडात धरायची, झटकायची, बाजूला ठेवायची. मी म्हटलं, मी बघितलंय काकू. "व्हय बाई," म्हणाल्या आणि पुढची मूठ उचलली. मीही शेजारी बसले. मग आठवीच्या चार मुली आल्या. तासभर लागला. काही निघालं नाही. भारा मी आणि मामांनी मिळून त्यांच्या डोक्यावर दिला.